आंब्याखाली उभी राहिलेली तुळई

मी एक जुनी पोलादी तुळई आहे. जामसरच्या वाटेवर दोन काळ्या खडकांमधून एक ओढा धावतो. त्याच्यावरच्या साकवाखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, मी आडवी पडले आहे. माझी जुळी बहीण माझ्यापासून दीड हातावर आहे. आमच्या पाठीवर ऐनाच्या लाकडाच्या फळ्या आहेत आणि त्या फळ्यांवरून तुम्ही ये-जा करता. मी दिसायची तर खाली वाकावे लागते. पण वाकतो कोण?

मित्रांनो, आज जरा वाका. मला तक्रार करायची आहे. भार वाहणाऱ्याने कुरकुर करू नये, हे मला कळते. व्रत घेतले की ते मुकाट्याने पाळावे, आणि माणसांना पलीकडे नेणे हे माझे रोजचे व्रत आहे. वीस पावसाळे मी ते पाळले. पण या मुलखात आल्यावर माझे पहिले सहा महिने जे झाले, ते आठवले की निवलेले अंग अजून तापते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. भट्टीत मला इतके तापवले की मी आधी लाल, मग केशरी, मग जवळजवळ पांढरी झाले. तशी मऊ असतानाच मला दोन जाडजूड रुळांमधून ढकलले. तुमची आई पोळी लाटते ना, तसेच. पण पोळी एकदा लाटली की तव्यावर जाते. मला पुन्हा फिरवून लाटले, पुन्हा फिरवून लाटले, असे पंधरा वेळा. दर वेळी मी लांब होत गेले आणि शेवटी असा घाट आला : वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि दोघींना धरून ठेवणारी मधली भिंत. लांबी बारा हात.

मग मला उघड्यावर ठेवून दिले. कुणी पाणी ओतले नाही, कुणी ठोकले नाही. आपली आपण हळूहळू निवले, म्हणून माझ्या अंगात ताण असा राहिलाच नाही. राग तर मुळीच नव्हता. तो इकडे आल्यावर आला. निवताना अंगावर एक काळी-निळी खपली मात्र धरली. दुधावर साय येते तशी, पण कडक आणि ठिसूळ. ही खपली लक्षात ठेवा. तिने माझा घात केला. म्हणजे तिचाही दोष नाही म्हणा.

बोटीने मुंबई, आगगाडीने डहाणू आणि तिथून बैलगाडीने घाट चढून आम्ही दोघी बहिणी जव्हारला कांतीलाल शेठच्या वखारीत येऊन पडलो. तेव्हा जव्हारात संस्थानचा अंमल होता. जामसरच्या ओढ्यावर गावकरी दर वर्षी लाकडाचे ओंडके टाकत आणि दर वर्षी पूर ते घेऊन जाई. म्हणून दरबाराने तिथे पक्का साकव बांधायचा हुकूम काढला होता. काम बळवंतराव ओव्हरसियर यांच्याकडे होते. बळवंतराव तसे मनाने वाईट नव्हते. पण त्यांना सगळे दिसायला छान लागे, आणि सगळे लवकर लागे.

ते वखारीत आले तेव्हा त्यांच्याबरोबर मधु लोहार होता. हा गावातला लोहार, उंच, खांदे पुढे झुकलेले, भुवया भट्टीने जळून अर्ध्या राहिलेल्या. वखारीच्या एका कोपऱ्यात गिरणीच्या यंत्राचे दांडे ठेवले होते, गोल आणि चकचकीत. बळवंतराव थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"अरे मधु, हे बघ! आरसा आहे आरसा. यात बघून मिशी पिळावी."

"पिळा की रावसाहेब," मधु म्हणाला. "पण साकवावरनं माणसं जायचीत, मिशा नव्हे."

"मग काय ती काळी धोंड नेऊ? खपल्या निघतायत तिच्या. दरबारात काय सांगू?"

ती काळी धोंड म्हणजे मी.

मधु माझ्याजवळ उकिडवा बसला. त्याने हातोडीने मला एका टोकाला हलकेच टोलवले आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. मग बहिणीला टोलवले. मग दोरी धरून आम्ही सरळ आहोत का ते पाहिले. माझ्या आयुष्यात मला इतक्या मायेने कुणी पाहिले नव्हते.

"रावसाहेब, ते दांडे थंडपणी ओढून, घासून केलेत," तो म्हणाला. "माप अगदी केसाचं. यंत्रात फिरायला ते पाहिजेत, तिथं हिचा उपयोग नाही. पण थंडपणी दामटलं की लोखंडाच्या अंगात ताण कोंडून राहतो. कुठं कापलं, एका अंगानं खरवडलं, की वाकडं होतं. शिवाय गोल. त्याच्यावर फळी बसवणार कशी? ही तापवून लाटलीय. कापा, भोकं पाडा, सरळ ती सरळ. पाठीला रुंद पट्टी आहे, फळी निवांत बसेल. ओझं आलं तर थोडी लवेल, तुटणार नाही. माप एखादा दोरा इकडेतिकडे असेल. साकवाला त्याचं काय!"

"काळी आहे रे पण."

"काळीच घ्या. नांदेल."

कांतीलाल शेठ हसले, आणि बळवंतरावही हसले. पण मधु हसला नाही. "एकच करा," तो म्हणाला. "ही काळी खपली आधी पुरती खरवडून काढा, आणि मग शेंदूर लावा. अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर लोखंडाला धरून बसतो, गंज येऊ देत नाही. पण खपलीवरच फासलात, तर खपली सुटेल आणि शेंदूर घेऊन पडेल."

"बरं बरं," बळवंतराव म्हणाले. मित्रांनो, 'बरं बरं' असे दोनदा म्हणणाऱ्या माणसाने एकदाही ऐकलेले नसते.

फाल्गुनात आम्हाला ओढ्यावर आणले. एकेकीला चार-चार गडी लागले. काठावर एक जुना आंबा होता. त्याच्या सावलीत बळवंतरावांनी मुहूर्ताचा नारळ फोडला. पाड्यावरची काही माणसे बघायला जमली होती. त्यांच्यातून एक बाई पुढे आली. ठेंगणी, काटक, कमरेला कोयता. ती रुपी, दोन्ही काठांच्या पाड्यांची सुईण.

"सायेब, पावसाच्या आदी होल ना?"

"होईल, होईल."

"तसा नाय. पक्का सांगा. माजी पोर चैती पल्याड दिलीय. भादव्यात तिचं दिवस भरतील. पयलाच हाय. भादव्यात ह्या वड्याला उतार नसतो."

"अगं, भाद्रपद कुठे घेऊन बसलीस! अक्षय्य तृतीयेला तू यावरून नाचत जाशील."

"नाचन," रुपी म्हणाली. "पण आदी होऊ दे."

मला तेव्हाच माझे काम कळले. भाद्रपदाच्या आत आडवे व्हायचे आणि या बाईला पलीकडे न्यायचे. एवढा स्पष्ट नेम कितीजणांना मिळतो?

गडी माझी खपली खरवडायला बसले. हातभर जागा झाली असेल, तोच जव्हारहून माणूस धावत आला. संस्थानात कुणी बडे पाहुणे येणार होते. कमानी उभारायच्या होत्या, ओव्हरसियरसाहेबांना ताबडतोब बोलावले होते.

"राहू दे ते खरवडणं!" बळवंतराव ओरडले. "शेंदूर फासा आणि चला."

त्यांनी खपलीवरच शेंदूर फासला. चारी बाजूंनी वाळावा म्हणून आम्हाला उचलून आंब्याच्या बुंध्याला टेकवून उभे केले. "आठ दिवसांत आलो," म्हणून बळवंतराव घोड्यावर बसले. दिवस मावळायच्या आत ओढ्यावर कुणी नव्हते. उभ्या होतो त्या आम्ही दोघी, नखशिखान्त लाल, आणि पायाशी नारळाची करवंटी.

मित्रांनो, आता तुम्हीच सांगा. तुम्ही त्या पाड्यावरचे असता आणि सकाळी उठून हे पाहिले असते, तर काय केले असते?

पाड्यावरच्या भगताने हात जोडले. त्याचे नाव लाडक्या. हा म्हातारा देवाधर्माचे बघायचा. गावाच्या शिवेवर लाकडाचा वाघदेव होता, त्यालाही दर वर्षी हाच शेंदूर लागे, हाच नारळ फुटे.

"भगता, साकवाचं लोखांड हाय ते," रुपी म्हणाली. "मी होती ना तवा."

"आसंल," लाडक्या म्हणाला. "आदी लोखांडच होता. पण शेंदूर कुनी लावला? सायबानं. नारळ कुनी फोडला? सायबानं. मंग बसवून गेला का नाय? बसवल्यावर लोखांड कसा राहील? आन् पानी जवळ, लाल लुगडी नेसून दोगी उभ्या. आसरा हायेत ह्या."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. पाण्याकाठच्या माणसांचे त्यांच्यावाचून चालत नाही. लाडक्याचे बोलणे मला खोटे म्हणता येईना. साहेबांनी पाड्यावर चार शब्द सांगून जायला हवे होते, की हे अजून काम आहे, देव नाही. तेवढ्या चार शब्दांना त्यांना वेळ झाला नाही.

खोटे कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला बरे वाटले. वखारीत 'काळी धोंड' म्हणवून घेतलेल्या माझ्यापुढे बायका नाचणीची भाकर आणि गूळ ठेवत होत्या. होळीला तर आमच्यापुढे नाच झाला. पण आठ दिवस गेले, पंधरा गेले, चैत्र गेला. उभे राहणे हे तुळईचे काम नव्हे. तुळईने आडवे व्हावे आणि तिच्यावरून कुणी जावे. माझ्यापुढे माणसे येत होती, कपाळ टेकत होती आणि आल्या वाटेने परत फिरत होती. पलीकडे एकही जात नव्हते. फुले वाहणाऱ्या हातांवर मी रागावू कशी? आणि न रागावून तरी करू काय?

रुपी दोनदा जव्हारला चालत गेली. दोन्ही वेळा बळवंतरावांनी "चाललंय, चाललंय" म्हणून तिला परत पाठवले. काय चालले होते? कमानी चालल्या होत्या.

ज्येष्ठ संपता संपता साहेब आले. बरोबर दोन गडी होते. अंगात जरीचा कोट होता. त्यांनी आमच्या गळ्यातल्या माळा पाहिल्या आणि जागीच थबकले.

"उठवायची तर तुमी उठवा, सायेब," लाडक्या नम्रपणे म्हणाला. "तुमीच बसवलीत."

बळवंतरावांनी गड्यांकडे पाहिले. गडी दोन पावले मागे सरले. साहेबांनी आभाळाकडे पाहिले, ढग भरले होते. मग मित्रांनो, मला ज्या माणसाने वखारीतून उचलून आणले होते, त्याने पायातले जोडे काढले आणि मला नमस्कार केला.

"देवीचं काम आहे, घाई नको," ते म्हणाले. "दसऱ्यानंतर बघू."

"सायेब, भादवा..." रुपी म्हणाली. पण ते घोड्यावर बसले होते.

तिने दुसऱ्याच दिवशी लाडक्याला कौल लावायला सांगितले. ही इकडची रीत. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे पाण्याने एकेक तांदळाचा दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा आधी पडला तर देव हो म्हणतो, डावा पडला तर नाही.

"आये, तुला हितनं उठायचं का?" लाडक्याने विचारले. रुपी डोळे मिटून उभी होती.

मी सगळा जीव एकवटून म्हणत होते, हो, हो, उठवा मला. पण डाव्या दाण्याखाली माझी काळी खपली केव्हाची सुटली होती. उन्हाने ती फुगली होती. दाण्याचे पाणी आत शिरले आणि करंगळीएवढा शेंदराचा पोपडा खपलीसकट गळून खाली पडला. त्याच्याबरोबर डावा दाणा.

"नाय म्हनते," लाडक्या म्हणाला.

अहो, मी नाही म्हटले नव्हते! खपली म्हणाली! मधूने सांगितले होते, खरवडा म्हणून. पण तुळईचे कोण ऐकतो? रुपीने तो पोपडा उचलला, उलटा केला, त्याच्या पाठीचे काळे पाहिले आणि पदरात बांधला.

आषाढात पलीकडच्या पाड्यावर गोदी नावाच्या बाईला कळा सुरू झाल्या. पलीकडच्या खडकावरून तिचा नवरा हाका मारत होता. पाण्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून तो कांबळे हलवत होता. रुपी माझ्यासमोरूनच धावली. खाली, जिथे पात्र पसरते, तिथे ती दोन वाळके भोपळे पोटाशी बांधून पाण्यात उतरली. सकाळची गेलेली बाई दुपार कलल्यावर पलीकडे लागली, तीही पाव कोस खाली वाहून. गोदी वाचली. मूल नाही वाचले.

तिसऱ्या दिवशी पाणी थोडे उतरल्यावर ती परत आली. कोपरे सोलली होती. आंब्याखाली येऊन माझ्यापुढे उभी राहिली. हात जोडले नाहीत.

"पोर गेला," ती म्हणाली. "तू हितंच उभी होतीस."

मित्रांनो, मी भट्टीत होते, रुळांखाली होते. त्या वाक्याइतके मला कधी काही लागले नाही.

ती जायला निघाली आणि अर्ध्यातून वळली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा ओढ्याकडे. "पान्यातली ना गं तू?" ती हळूच म्हणाली. "मंग पान्याकडं पाठ करून झाडाखाली काय करतेस?"

त्याच आठवड्यात मधु लोहार पाड्यावर आला. नांगरणीच्या दिवसांत तो फाळ शेवटायला, म्हणजे नांगरांच्या फाळांना नवी धार काढून द्यायला, गावोगाव फिरे. आम्हाला आंब्याखाली पाहून त्याने डोक्याला हात लावला.

"अरे लाडक्या, ही मी निवडलेली तुळई! माझ्या या कानांनी पारखलेली! लोखंड आहे ते लोखंड!"

"लोखांडाचा देव नसतो का, लोहारदादा?" लाडक्या म्हणाला. "आमचा वाघदेव लाकडाचा. तुमचा जव्हारचा देव दगडाचा. मी कवा जाऊन सांगतो का, दगड हाय म्हनून?"

मधु रागाने भात्यावर बसला. तेव्हा रुपी दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि पदराची गाठ सोडून तिने तो पोपडा लोहारापुढे ठेवला.

"ह्यो का पडला?"

"खपलीवर शेंदूर लावला म्हणून. अंग आधी साफ करायला पाहिजे होतं."

"म्हंजे आंगोळ न घालताच बसवली," रुपी म्हणाली आणि भगताकडे वळली. "ऐकलास? न न्हाता शेंदूर लावला सायबानं. मंग ती नाय म्हनल नाय तर काय करल?"

लाडक्याने पोपडा हातात घेऊन उलटा केला.

"आन् तू पुसलास काय? उठायचं का. आरं, आदीच उभी हाय, आनखी काय उठंल? चार महिने उभी. तिला निजायचंय भगता. पान्यावर. आसरा कुठं र्‍हाते? पान्यात का आंब्याखाली?"

लाडक्याने तिच्याकडे पाहिले आणि त्याचे बोळके तोंड हळूहळू पसरले. "रुपीबाय, तू पोरा काढतेस तशी देवाच्या पोटातली गोष्ट बी काढतेस."

"काढलीय तर घे. आडकवून ठेवू नको."

मग आम्हाला आंघोळ घातली. कशी म्हणाल, तर मधूने सांगितली तशी. ओढ्याची ओली वाळू, नारळाची शेंडी, जुन्या कोयत्यांची पाती. पाड्यावरच्या बायका, पोरे सगळी बसली. तीन दिवस आम्ही खरवडून निघालो. काळी खपली, जुना शेंदूर, वरची माळांची घाण, सगळे गेले आणि आतले करडे पोलाद वर आले. पाऊस थांबून ऊन पडले त्या दिवशी मधूने लगेच अळशीच्या तेलातला नवा शेंदूर अंगात चोळला, थापला नाही, चोळला. "आता धरेल," तो म्हणाला.

शेंदूर वाळल्यावर लाडक्याने पुन्हा दाणे लावले. "आये, पान्यावर निजायला जायचं का?"

या वेळी दोन्ही दाणे बराच वेळ चिकटून राहिले. मग उजवा पडला. तो का पडला ते मला ठाऊक नाही. डावा का पडला होता ते मात्र पक्के ठाऊक होते. एवढेच सांगते.

श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली. दोन्ही खडकांमधले अंतर दहा हात होते, म्हणजे दोन्ही टोकांना टेकायला एकेक हात. मधूने खडकात खाचा पाडल्या. पलीकडून चैतीच्या घरच्यांनी दोर ओढले, अलीकडून गाव गाणी म्हणत ढकलत होते. मी पाण्यावर पुढे सरकू लागले तशी मागून लाडक्या ओरडत होता, "हळू, हळू, पाय घसरंल आयेचा!" मला पाय नव्हते, पण बरे वाटले. दोन्ही टोकांना लोखंडी खुंट्या ठोकल्या, वर फळ्या पडल्या आणि मी पहिल्यांदा आडवी झाले.

भाद्रपदात ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पावसात, पलीकडून पुन्हा कांबळे हलले. पाणी माझ्या पोटाखाली दोन हातांवर फेसाळत होते. रुपी आली, फळीवर पाय ठेवायच्या आधी वाकून मला हात लावला आणि चालू लागली. अकरा पावले. मी मोजली. मधोमध मी किंचित लवले, मधूने सांगितले होते तेवढीच. दुपारी पलीकडून थाळी वाजली. चैतीला मुलगी झाली होती.

दसऱ्यानंतर बळवंतराव गडी, चुना, दगड सगळे घेऊन आले आणि बघतच राहिले.

"हे... हे इथे कुणी टाकलं?"

"कुनी नाय, सायेब," लाडक्या अगदी गंभीरपणे म्हणाला. "तुमाला घाई नव्हती, आयेला होती. ती आपली आपन गेली."

लोक तोंड फिरवून हसले. साहेबांनीही शेवटी हसून दोन्ही टोकांना चांगले दगडी धक्के बांधून दिले. पुढे जव्हारात या साकवाला बळवंतरावांचा साकव म्हणू लागले. मधूचे नाव कुणी घेत नाही. रुपीचे तर नाहीच.

आता सांगते आजचे. मधु होता तोवर दर दोन-तीन वर्षांनी येऊन खाली वाकून बघायचा, खरवडायचा, शेंदूर चोळायचा. तो गेला. दसऱ्याला तुम्ही येता ते कळते मला. माझ्या काठावरच्या टोकाला, जिथे दिसते तिथे, शेंदराचे बोट लावता आणि झेंडूची माळ अडकवता. माळ कुजते, ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली गंज चढतो. पोटाकडच्या पट्टीला पापुद्रे सुटले आहेत. बहिणीच्या एका टोकाशी तर बोट जाईल एवढे खाल्ले आहे. दरबारचा माणूस वरून चालून जातो, दोन्ही टाचा आपटतो आणि "भक्कम आहे" म्हणतो. पुन्हा तीच चूक, मित्रांनो. वर लाल दिसले की आत ठीक असेल, असे कुणी सांगितले तुम्हाला? माझ्यावर भक्ती आहे ना तुमची? मग भक्तीला थोडी मेहनत पडू द्या. चैत्रात पाणी आटलेले असते. ओढ्यात उतरा, मान वर करा, वाळूने घासा, ढिले झालेले सगळे काढून टाका आणि मगच रंग लावा. चार मुलांचे दोन दिवसांचे काम आहे.

रुपी आता फार म्हातारी झाली आहे. अजून बोलावणे आले की जाते, चैतीची मुलगी तिचा हात धरून असते. परवाही गेली. अकराऐवजी आता तिला वीस पावले लागतात. फळीवर पाय ठेवायच्या आधी ती वाकली, मला हात लावला आणि नेहमीसारखेच म्हणाली, "सांभाळ गं बाय."

मी तिला काय सांगू? वीस वर्षे सांभाळले. अजून किती सांभाळता येईल, ते आता माझ्या हातात नाही. ते तिला सांगवत नाही, म्हणून तुम्हाला सांगितले.